दोन भाषांतला राजीनामा

नौतपा लागला की भोपाळमध्ये माणसं बोलत नाहीत, खेकसतात. भाजीवाला खेकसतो, मिनी बसचा कंडक्टर खेकसतो, बँकेतला कारकून काचेमागून खेकसतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की जे नऊ दिवस सगळ्यांत जास्त तापतात त्यांना इथे नौतपा म्हणतात. ते नीट तापले तर पाऊस चांगला होतो, असा समज. म्हणून लोक या उन्हाला शिव्याही देतात आणि एखाद्या दुपारी आभाळ आलं तर कुरकुरतातही. आमच्या वरुडला ऊन काही कमी नसायचं, पण त्याला असं नाव नव्हतं. नाव असलं की राग धरायला बरं पडतं.

यंदाचा नौतपा लागला त्या सकाळी मी जवाहर चौकात कूलरच्या नव्या ताट्या घ्यायला गेले होते. फुटपाथवर वाळ्याचे ढीग, त्यांच्यावर मारलेलं पाणी, त्याचा तो थंड, मातकट वास. शेजारी हातगाडीवर पिवळ्याधमक खिरण्या, चिकाची ती गोड फळं. घेतल्या की बोटं चिकट होतात आणि दिवसभर चिकटच राहतात. अशा चिकट बोटांनी मी फोन उचलला. मराठी मंडळाचे सचिव बोलत होते.

"वैशाली, रविवारी कुंदाताईंची श्रद्धांजली सभा ठेवली आहे. तू त्यांची शिष्या. तू दोन शब्द बोलायलाच हवेस."

कुंदाताई म्हणजे अ‍ॅडव्होकेट कुंदा हरकरे. माझ्या मॅडम. चैत्रात गेल्या.

मी बरं म्हणाले. सचिव जरा घुटमळले. "फक्त ते कोर्टाचं, पोलिसांचं वगैरे नको. सभा आहे ना. घरगुती आठवणी सांग. पुरणपोळ्या छान करायच्या, असं काहीतरी."

"मॅडमना स्वयंपाक येत नव्हता."

"मग गाण्याची आवड..."

"नव्हती."

"अगं, काहीतरी असेलच ना!" आता तेही खेकसले. नौतपाच तो. मग आवाज खाली आणून त्यांनी अध्यक्षस्थानी कोण असणार ते सांगितलं. मंडळाचे आजचे सन्माननीय सल्लागार, निवृत्त पोलीस अधिकारी. नाव ऐकलं आणि मी हातातल्या खिरण्या तिथेच गटारात टाकल्या.

मी सभेला जाणार नाही. जे तिथे बोलता येणार नाही ते इथे लिहिते आहे. त्यात पुरणपोळी नाही.

*

मॅडमचे वडील नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि कचेऱ्यांबरोबर कारकूनही आले. "मी फायलींच्या मागे मागे आलेली मुलगी," असं मॅडम म्हणायच्या. सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या, टायपिस्टची नोकरी करत संध्याकाळच्या वर्गात वकिली शिकल्या. घरच्यांचा अंदाज होता की मुलगी खरेदीखतं, मृत्युपत्रं करेल, चार मराठी कुटुंबांची कामं मिळतील, बास. पहिल्याच वर्षी त्यांनी दगडखाणीत डांबून ठेवलेल्या मजुरांची केस घेतली. खाणमालक वडिलांच्या साहेबांचा मित्र निघाला. वडिलांची बदली झाली. वडील मुलीशी वर्षभर बोलले नाहीत. "त्या वर्षात माझी वकिली पक्की झाली," मॅडम सांगायच्या, "घरात शांतता होती, अभ्यास चांगला व्हायचा."

पुढे आयुष्यभर तेच. ठाण्यात बसवून ठेवलेल्या बायका, पावसाच्या तोंडावर पाडलेल्या झोपड्या, चौकशीला नेलेला आणि लंगडत परत आलेला कुणाचा तरी नवरा. ज्याचा वकील व्हायला बाररूममधलं कुणी तयार नसायचं तो माणूस जिना चढून यायचा. त्यांना मानवाधिकाराची वकील म्हणतात, हे मला कोर्टात आल्यावर कळलं, आणि तेसुद्धा शिवी म्हणून. पोलीस त्यांना नावानं हाक मारत नसत. "आ गईं मानवाधिकार!" जिन्यावर दिसल्या की एक शिपाई दुसऱ्याला म्हणायचा. "मानवाधिकार को पानी पिलाओ भाई, गरमी है." इतका चांगला शब्द मी इतक्या घाणेरड्या तोंडांतून ऐकला आहे की आजही तो लिहिताना मला आधी धुवून घ्यावासा वाटतो.

उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळा कोट न घालण्याची वकिलांना मुभा असते. मॅडम घालायच्या. दुपारपर्यंत पाठीवर घामाचं मीठ उमटायचं, पांढरे नकाशे. एकदा एक ज्येष्ठ वकील सगळ्यांसमोर म्हणाले, "मैडम, कोट तो उतार दीजिए, मानवाधिकार पिघल जाएगा."

मॅडमनी फाइलमधून मान वर केली नाही. "आप ज़मीर उतारकर बैठे हैं, मैंने कुछ कहा?"

हसले सगळे. पण तेव्हापासून त्या बाकावर मॅडमसाठी कुणी सरकून जागा दिली नाही.

*

माझे बाबा वरुडच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या ठोकायचे. तोंडात खिळे धरून बोलायची त्यांची सवय होती, त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचं. मी पदवीधर झाले तेव्हा त्यांनी खिळे काढून हातात घेतले आणि पूर्ण तोंडानं म्हणाले, "आता तू बोल. मी ऐकतो." आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं मीच पहिलं माणूस. मामा भोपाळला, सोनागिरीत, मोठ्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन. त्यांच्या घरी राहून मी वकिली शिकले. बाबांचं, मामांचं, मामीच्या डब्याचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मी मोडीत काढत नाही. पण ऋण एकीकडे आणि खरं एकीकडे. मामांनी मला घर दिलं आणि त्या उन्हाळ्यात त्याच घरात त्यांनी मला रोज टोचलं, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

मॅडमचं चेंबर जवाहर चौकात, कूलर दुरुस्तीच्या दुकानावर. खाली मोटारी चालवून बघायचे, त्यामुळे वरची जमीन सतत थरथरायची. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, "हिंदी टायपिंग येतं?"

"नाही."

"मसुदा?"

"नाही."

"मग काय येतं?"

"मराठी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"ते इथे फक्त आपसांत भांडायला लागतं. बस."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हसवलं. कोर्टाच्या व्हरांड्यात पेशकार, म्हणजे मॅजिस्ट्रेटचा कारकून, ओरडत होता, "राजीनामा वाले इधर आ जाओ! राजीनामा वाले!" दोन माणसं पुढे झाली. एकाच्या डोक्याला पट्टी, दुसऱ्याचा हात गळ्यातल्या झोळीत. दोघं शेजारी शेजारी उभे राहून सह्या करू लागले. मला फार वाईट वाटलं. मॅडमना हळूच विचारलं, "या दोघांची नोकरी कुठल्या खात्यात होती? एकदम दोघांनी सोडली?"

मॅडम भिंतीला टेकून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, इथे राजीनामा म्हणजे समेट. दोघं राजी झाले म्हणून राजीनामा. यांनी एकमेकांची डोकी फोडली होती, आता केस मिटवताहेत." मग डोळे पुसत म्हणाल्या, "आपल्याकडे राजीनामा दिला की नोकरी सुटते. इथे दिला की आरोपी सुटतो. नीट लक्षात ठेव, नाहीतर कुणाला तरी सोडून बसशील."

भोपाळच्या मराठी मुलांना हे शिकवावं लागत नाही. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड, हे ती शाळेत जायच्या आधी शिकतात. मी बाहेरून आले होते. बाहेरून आलेल्यालाच शब्दाची ठेच लागते.

*

मी मॅडमकडे आले त्या वर्षीचा नौतपा असा होता की कारखान्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून यायचं. सोनागिरीत लोक दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी लावायचे. कडुनिंबाखाली सुद्धा हवा उभी असायची. मामी कैरी भाजून पन्हं करायची आणि त्या भाजलेल्या सालीचा वास दिवसभर घरात फिरायचा. आजही तो वास आला की मला तहान लागत नाही, भांडण ऐकू येतं.

भांडण संतोषवरून होतं. संतोष आमच्याच सोनागिरीच्या मागच्या वस्तीत राहायचा, कारखान्याच्या ठेकेदाराकडे वेल्डिंग करायचा. वर्ध्याकडचा मुलगा, मराठीच. तांब्याच्या तारा चोरीला गेल्या म्हणून त्याला ठाण्यात नेलं. तारा नंतर दुसरीकडेच सापडल्या. संतोष परत आला तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. पडदा फाटला होता. मॅडमनी त्याच्या वतीनं कोर्टात तक्रार लावली, थेट टीआयवर. मध्य प्रदेशात ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला टीआय म्हणतात. कबुलीसाठी छळ केल्याचं मोठं कलम मॅजिस्ट्रेटनी गाळलं. उरली ती मारहाणीची आणि डांबून ठेवल्याची कलमं. त्यांत तक्रारदाराला वाटलं तर राजीनामा करता येतो. हिंदीतला.

आणि हे टीआय, आता रविवारच्या सभेचे अध्यक्ष, मराठी होते. भोपाळचेच, सफाईदार बोलणारे, मंडळाच्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसणारे. मंडळानं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता आणि मामांच्या बैठकीत त्या सत्काराचा फोटो होता, टीआयच्या खांद्यामागून मामांचं अर्धं तोंड दिसणारा.

"मराठी माणूस इतक्या वर पोचला," मामा जेवताना म्हणाले, "आणि पाय ओढणारी बाई पण मराठीच. वा!"

"संतोषही मराठीच आहे, मामा."

"तो कोण? तो आपल्यातला आहे का?"

मामीनं भाताची वाटी माझ्या ताटाजवळ जरा जोरात ठेवली. "जेव गं आधी. उगाच विषय."

"आपण इथे पाहुणे आहोत, पोरी," मामा समजावणीच्या सुरात आले. "पाहुण्यानं घरच्या भांडणात पडू नये."

"तीस वर्षं झाली तुम्हाला इथे. पाहुणे कसे?"

"हीच ती कोर्टाची भाषा! त्या बाईनं शिकवली."

आपल्यातला. मराठीतल्या सगळ्या शब्दांत मला हा सर्वांत कोता वाटतो. टीआय आपल्यातले, कारण त्यांना हार घालता येतो. संतोषचा कान आपल्यातला नाही. मंडळाच्या बैठकीत मॅडमना सांगण्यात आलं की उपाध्यक्षपदाचा राजीनामा द्या. मराठीतला. "समाजात फूट पडते आहे, कुंदाताई," असं अध्यक्ष म्हणाले, हात जोडून. मॅडम म्हणाल्या, "देत नाही. मतदान घ्या आणि काढा. हात वर करताना मला तोंडं बघायची आहेत." कुणी मतदान घेतलं नाही. हात जोडणाऱ्यांना हात वर करणं जमत नाही. त्यांनी पुढच्या बैठकांची आमंत्रणं पाठवणं बंद केलं. आज तेच लोक त्यांच्या फोटोला हार घालणार आहेत. तेव्हा हार स्वस्त होते असं नाही. तेव्हा बाई जिवंत होती.

*

संतोषची आई, इंदूबाई, मुलाचा कान फुटल्याचं कळल्यावर गावाहून आली होती. हिंदी तिला कळत नव्हती. वस्तीतल्या नळावर बायका बोलायच्या तेव्हा ती नुसती हसायची आणि घागर भरून निघून यायची. मी भेटले की मात्र तिचा बांध फुटायचा. "तुह्यासंग बोललं का तोंड धुतल्यावानी वाटते, माय."

एका दुपारी ती एकटी चेंबरचा जिना चढून आली. पदर डोक्यावरून घेतलेला, चेहरा उन्हानं विटकरी झालेला, हातात पेढ्यांचा पुडा. खाली कूलरची मोटार घरघरत होती म्हणून ती ओरडूनच बोलली.

"घ्या वकीलीनबाई. तोंड गोड करा. सायेबानं राजीनामा देल्ला!"

मॅडम लिहीत होत्या. पेन थांबलं.

"कोणत्या साहेबानं?" मी विचारलं.

"कोन्त्या म्हन्ते! ठान्याच्या. सोता आला होता घरी. खाटीवर बसला, माह्या हातचं पानी प्याला. आपल्या बोलीत बोलला वो. आई म्हने मले. म्हने, आई, चुकलं माझं, मी राजीनाम्याला तयार आहे, पोराला सही करायला सांगा." पुडा उघडून तिनं एक पेढा मॅडमच्या हातावर ठेवला. "पोट्टा ऐकत नव्हता. म्या शपथ घातली. म्हनलं, येवढा मोठा मानूस राजीनाम्याले तयार झाला, आनखी काय पाह्यजे तुले? मंग केली सही. आता नोकरी सोडते तो."

मला समजायला क्षणभर लागला. मग व्हरांड्यातली ती दोन माणसं, पट्टीवाला आणि झोळीवाला, मला माझ्या चुकीसह दिसली. माझी चूक अजाणतेपणाची होती. इथे एक माणूस दोन्ही भाषा उत्तम जाणत होता, दोन्ही अर्थ त्याच्या खिशात होते, आणि कुठला कुणासमोर काढायचा हे त्यानं खाटेवर बसून, पाणी पिता पिता ठरवलं होतं. तो खोटं एक अक्षर बोलला नव्हता. त्याच्या मराठीचं आमच्या मंडळात फार कौतुक होतं.

मॅडमनी हातातला पेढा टेबलावर ठेवला. "वैशाली, तू सांग तिला. मी तोंड उघडलं तर शिवी येईल."

मी सांगितलं. इंदूबाईनं ऐकून घेतलं. पुन्हा सांगायला लावलं. मग पुड्याचं झाकण बोटांनी दाबून दाबून बंद केलं.

"म्हंजे त्यानं नाही सोडलं," ती म्हणाली. "सोडलं म्या."

*

संध्याकाळी आम्ही दोघी संतोषच्या खोलीवर गेलो. पत्र्याचं छप्पर दिवसभराची आग खाली ओतत होतं. इंदूबाईनं स्वतःच सांगितलं, आमच्यातल्या कुणाला बोलू दिलं नाही. संतोष उजवा कान तिच्याकडे करून ऐकत होता.

"आई, तुले खरंच वाटलं टीआय नोकरी सोडंल? तुह्या एका पान्याच्या गिलासासाठी?"

"त्यानंच सांगतलं."

"अन मले वाटलं तू थकली. घरी जाऊ म्हन्ते म्हनून पाया पडून राह्यली, मिटव म्हनून राह्यली." तो हसला, फार वाईट हसला. मग मॅडमकडे वळला. "मैडम, आपको क्या लगता है? सही मी उगाच केली? ठेकेदारानं गेटपास थांबवून ठेवलाय. राजीनामा झाला तर उद्यापासून काम. नाहीतर या शहरात कुठल्याच गेटातून आत घेणार नाहीत. तुमच्या कलमानं कान परत येतो का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग?"

मला वाटलं आता मॅडम काहीतरी मोठं बोलतील. न्याय, हक्क, असं. सभांमध्ये इतर लोक बोलतात तसं. त्यांनी कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "अर्जावर तुझी सही झाली आहे. पण कोर्ट तुला समोर उभं करून विचारेल. तू हो म्हणालास तर केस संपली, आणि मी तुला एक अक्षर बोलणार नाही. नाही म्हणालास तर मी उभी आहे, पण गेटपास मला देता येणार नाही. हे दोन्ही तुला माहीत असावं म्हणून आले. तुझ्या आईला एकच अर्थ माहीत होता, म्हणून फसली."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही काय करू?"

"नाही. ठाण्यात सांगणारे पुष्कळ होते ना?"

तो चिडला. आमच्या तोंडावर त्यानं दार लावलं. परतताना मॅडमचा गुडघा दुखत होता, मी हात धरला तर झटकला. मला त्यांचाही राग आला होता. एवढं झुंजून जमवलेला खटला असा कुणी अधांतरी सोडतं का? आज मी स्वतः माणसांच्या केसेस चालवते, आणि अशिलाला ढकलायची हुक्की मला रोज येते. ढकललेलं माणूस फार लवकर कबूल होतं. ठाण्यातही, चेंबरमध्येही. मॅडमनी मला कायद्याची पुस्तकं वाचायला शिकवली ते कुणीही शिकवलं असतं. दारापर्यंत जाऊन थांबायचं कसं, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं नसतं.

घरी मामा वाट बघत होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "मिटलं म्हणे एकदाचं. टीआय साहेबांचं मन मोठं. स्वतः त्या बाईच्या झोपडीत गेले!"

"मामा, राजीनाम्याचा मराठीत अर्थ काय?"

"हे काय भलतंच?"

"सांगा ना."

"नोकरी सोडणं. का?"

मी आत गेले. आतल्या खोलीत पन्हं झाकून ठेवलं होतं. मी ते प्यायले नाही. एवढाच माझा त्या घरातला निषेध, पण तो मी सकाळपर्यंत पाळला.

*

दिवाणी कोर्टांना उन्हाळ्याची सुट्टी होती, फौजदारी चालू होती. त्यामुळे आवारात अर्धी माणसं आणि दुप्पट ऊन. मॅजिस्ट्रेटच्या खोलीत एक कूलर होता, त्याचं तोंड न्यायासनाकडे. आमच्याकडे फक्त त्याचा आवाज यायचा. टीआय साध्या कपड्यांत आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तराचा मंद वास. इंदूबाईला पाहून त्यांनी नमस्कार केला. "कशा आहात, आई?" तिनं पदर ओढून घेतला.

संतोष सर्वांत शेवटी आला आणि आमच्याजवळ न येता भिंतीला टेकून उभा राहिला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या कोटाची बटणं लावत होत्या, सगळी, वरपासून खालपर्यंत. मी मनात त्याला म्हणत होते, नाही म्हण, नाही म्हण. आणि लगेच त्याच्या जागी उभी राहून म्हणत होते, गेटपास.

पुकारा झाला. टीआयच्या वकिलांनी अर्ज पुढे केला. "श्रीमान, आपस में राजीनामा हो गया है. दोनों पक्ष एक ही समाज के हैं." एक ही समाज के. मागे कुणीतरी खोकलं.

मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून पाहिलं. "संतोष कौन है? आगे आओ. ये दस्तख़त तुम्हारे हैं?"

"जी."

"राजीनामा मंज़ूर है? अपनी मर्ज़ी से? कोई दबाव तो नहीं?"

संतोषनं मान तिरपी करून उजवा कान न्यायासनाकडे केला. कूलरच्या घरघरीत त्याला नीट ऐकू आलं की नाही, कळेना. मॅजिस्ट्रेट पुन्हा विचारणार एवढ्यात तो म्हणाला, "मंज़ूर है साब."

टीआयच्या वकिलांनी पेनचं टोपण काढलं. मॅडमचा हात शेवटच्या बटणावर होता तसाच राहिला.

"पर मराठीवाला," संतोष म्हणाला.

"क्या?"

"मराठीवाला राजीनामा, साब. इन्होंने मेरी माँ को वही बोला था. उसी पे सही की है."

मॅजिस्ट्रेट टीआयकडे पाहू लागले, मग मॅडमकडे. "ये मराठीवाला क्या होता है, मैडम?"

मॅडम उठल्या. "इस्तीफ़ा, श्रीमान."

मागच्या बाकांवर हशा पिकला. पेशकार हसला, दारातला शिपाई हसला, तोच शिपाई जो मॅडमना पाणी पाजायला सांगायचा. टीआय हसले नाहीत. गोरा चेहरा कानांपासून तापत गेला आणि त्यांच्या तोंडून, अगदी हळू, शुद्ध मराठीत, संतोषच्या जातीची शिवी निघाली. मी ऐकली. मॅडमनी ऐकली. त्या दालनात ती कळणारे आम्ही पाचजणच होतो, आणि पाचहीजण त्यांच्या समाजाचे.

"यानी समझौता नहीं है?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नहीं साब."

त्यांनी अर्जावर आडवी रेघ मारली आणि कागद पेशकाराकडे सरकवला. टीआयचे वकील एकदम बोलू लागले, टीआय त्यांची बाही ओढू लागले. संतोष तिथेच उभा होता, हात मागे बांधून, जणू अजून कुणी काही विचारेल.

इंदूबाईला यातलं काहीच कळलं नव्हतं. लोक का हसले, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून वाचता येत नव्हतं. तिनं माझा दंड धरला.

"काय म्हने पोट्टा?"

"तुम्हाला जो राजीनामा सांगितला होता, तोच मागितला त्यानं. साहेबानं नोकरी सोडायची तो."

ती टीआयकडे बघत राहिली. नळावर जशी हसायची तशी ती हसली नाही.

"मंग देते का तो?"

"नाही देत."

"मंग तारीख घे नं पुढची," इंदूबाई म्हणाली. "उभी काहून राह्यली?"